अण्णा, गाडीतून उतरायचं नाही! (कॅलिफोर्निया, युटा, अ‍ॅरिझोना)

तयारी : आयर्व्हाइन

दसरा दादाकडे झाला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, अमेरिकेत पोलिसांनी गाडी अडवली तर कसं वागायचं, याची त्याने आमच्याकडून तालीम करून घेतली. भाड्याची गाडी त्याच्या दारात उभी. स्टिअरिंगवर मी, शेजारी माझे वडील अण्णा, मागे नवरा निखिल. दादा हातात टॉर्च घेऊन पोलीस झाला आणि मागून चालत आला. तो काचेपर्यंत पोचायच्या आत अण्णा दार उघडून खाली हजर! हातात पासपोर्टचं पाकीट, चेहऱ्यावर "बोला साहेब".

दादाने कपाळाला हात लावला.

पण अण्णांचं तरी काय चुकलं? सगळी नोकरी एसटीत गेली, सांगली डेपोला. आपल्याकडे गाडी अडवली की ड्रायव्हरने खाली उतरायचं आणि कागद घेऊन साहेबांपर्यंत चालत जायचं, ही रीत. गाडीतच बसून राहिलात तर "लई शहाणा दिसतोय" म्हणून उलट जास्त वेळ उभं करतात. अमेरिकेत नेमकं याच्या विरुद्ध. तिथे कुणाही साध्या माणसाकडे पिस्तूल असू शकतं आणि पोलीस ते गृहीत धरूनच गाडीजवळ येतो. न सांगता उतरलेला माणूस, खिशात गेलेला हात, सीटखाली वाकलेली पाठ, या सगळ्याचा तो एकच अर्थ लावतो. 2016 मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टील नावाच्या माणसाची गाडी अशीच अडवली होती. आपल्याजवळ पिस्तूल आहे हे त्याने स्वतःहून, नीट शब्दांत सांगितलं, आणि पुढच्या काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. पुढे ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी अलाबामात, मुलाकडे राहायला आलेले गुजरातचे एक आजोबा सकाळी फूटपाथवर चालत होते. इंग्रजी येत नव्हतं. पोलिसांनी हटकलं, बोलणं कळेना, आणि एका पोलिसाने त्यांना असं जमिनीवर आपटलं की शरीर अर्धं लुळं पडलं. ही दुसरी गोष्ट दादाने अण्णांना मुद्दाम सांगितली. त्यानंतर अण्णा गुमान ऐकू लागले.

दादाची शिकवणी थोडक्यात अशी. मागे लाल-निळे दिवे लागले की उजवा इंडिकेटर द्यायचा, वेग कमी करायचा आणि उजव्या कडेला थांबायचं. कडेला जागा नसेल किंवा अंधार फार असेल तर पार्किंग लाइट लावून हळूहळू पुढच्या उजेडाच्या जागेपर्यंत जायचं. पळतोय असं वाटता कामा नये. गाडीवर पोलिसांची खूण दिसत नसेल आणि संशय आला तर 911 या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन करून खात्री करून घेता येते. थांबल्यावर इंजिन बंद, काच खाली, गाणी बंद, रात्र असेल तर आतला दिवा चालू. ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवर, बाकीच्यांचे हात दिसतील असे. कागद काढायचे असतील तर आधी सांगायचं, "कागद त्या पर्समध्ये आहेत, काढू का?" आणि "काढा" म्हटल्यावरच हात हलवायचा.

"आणि पाकिटात वीसेक डॉलर वर ठेवायचे का?" अण्णांनी विचारलं. दादा एवढ्या जोरात "नाही!" ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकलं. तिथे हा सरळ गुन्हा. साध्या दंडाचं प्रकरण अटकेवर जातं.

*कामाची गोष्ट :* आपलं लायसन्स चालू मुदतीचं असेल तर कॅलिफोर्नियात पर्यटकाला त्यावर गाडी चालवता येते. तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्या. एक वर्ष चालतं. पण ते मूळ लायसन्ससोबतच दाखवायचं असतं, नुसत्या परमिटला किंमत नाही. भाड्याच्या गाडीचा करार कागदावर छापून घ्या. अंधारात पोलिसासमोर मोबाइल चाळत बसणं हे काही शहाणपणाचं नाही. पासपोर्ट आणि आय-94 ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची) प्रत जवळ असू द्या. 18 वर्षांवरच्या परदेशी पाहुण्याने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा तिथला कायदाच आहे.

पहिला दिवस : आयर्व्हाइन ते लास व्हेगास

कहोन पासच्या चढाला वारा असा की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागलं. वर गेल्यावर मोहावीचं वाळवंट सुरू होतं आणि मग तासन् तास तेच. जत-आटपाडीच्या माळावर वाढलेल्या अण्णांना त्याचं काही अप्रूप नव्हतं. त्यांचं लक्ष ट्रकांकडे. "केवढी लांब गाडी, पण लेन सोडत नाही बघ." हे कौतुक त्यांनी बारस्टोपर्यंत दर पंधरा मिनिटांनी केलं.

बारस्टोच्या पुढे कडेला एक गाडी पोलिसांनी थांबवलेली दिसली आणि आमच्या पुढची सगळी रांग आपोआप डावीकडच्या लेनमध्ये सरकली. कुणी हॉर्न नाही, शिट्टी नाही. हाही नियम आहे, पन्नासही राज्यांत. कडेला दिवे लावून पोलीस, ॲम्ब्युलन्स किंवा टोइंगची गाडी उभी असेल तर एक लेन सोडून जायचं, जमत नसेल तर वेग बराच कमी करायचा. नव्या माणसाला हे माहीत नसतं, आणि एवढ्यावरूनही गाडी अडवतात.

बेकर गावात जगातला सगळ्यात उंच थर्मामीटर आहे, 134 फूट. 1913 मध्ये जवळच्या डेथ व्हॅलीत 134 अंश फॅरनहाइटची नोंद झाली होती, म्हणून तेवढाच उंच. त्याच्या सावलीत आम्ही वहिनीने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या बाकावरच्या मेक्सिकन बाईने वास घेऊन विचारलं, हे काय? तिला एक धपाटा दिला. तिने त्यात हिरवी मिरची गुंडाळली आणि मान डोलावली.

व्हेगासबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. अण्णांनी रात्रीचा झगमगाट बघितला, "लाइट बिल कोण भरतं?" विचारलं आणि झोपले.

दुसरा दिवस : व्हेगास ते झायन

नेवाडातून युटात जाताना मध्ये अ‍ॅरिझोनाचा जेमतेम 29 मैलांचा तुकडा लागतो आणि सगळा प्रवासातला रस त्या तुकड्यातच भरलाय. व्हर्जिन नदीने कापलेल्या दरीतून रस्ता वळत जातो, दोन्ही बाजूंना उभे कडे. घाटातला माणूस घाटात आल्यावर खुलतो. अण्णा सीटवर पुढे सरकून बसले आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

सकाळभरात तीन राज्यं झाली. प्रत्येक राज्याचे हायवे पोलीस वेगळे, त्यात काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफ वेगळा, शहराचे पोलीस वेगळे, राष्ट्रीय उद्यानात रेंजर. यातला कुणीही गाडी थांबवू शकतो आणि सगळ्यांशी वागायची रीत एकच. नियम मात्र बदलतात. युटात काही पट्ट्यांत ताशी 80 मैल चालतं, म्हणजे जवळपास 130 किलोमीटर. पण त्याच युटात दारूची मर्यादा देशात सगळ्यात कडक, 0.05 टक्के, इतर राज्यांत ती 0.08 आहे. एक बिअर घेऊन "काही होत नाही" म्हणणाऱ्या मित्रांसाठी हे लिहितेय.

खरी मेख हायवेवर नाही, गावात आहे. हरिकेन, ला व्हर्किन अशी छोटी गावं लागतात तिथे 65 ची पाटी बघता बघता 45 आणि मग 35 होते. मोकळा रस्ता बघून पाय तसाच राहतो, आणि पोलिसाची गाडी उभी असते ती तिथेच, पेट्रोल पंपाच्या आडोशाला. वेग मैलांत आहे हे डोक्यात मुरायला दोन दिवस लागतात. तोवर निखिल मागून पाट्या वाचत होता. स्टॉपच्या पाटीचंही तसंच. रस्ता रिकामा असला तरी चाक पूर्ण थांबलं पाहिजे. आणि पिवळ्या स्कूल बसने लाल दिवे लावून स्टॉपची पाटी बाहेर काढली की मागच्यांनी थांबायचंच, मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही.

झायन राष्ट्रीय उद्यानाच्या दरीत खासगी गाड्या वर्षातला बराच काळ बंद असतात, शटल बस फिरते. अण्णा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि उतरताना त्याच्याशी हस्तांदोलन करून आले. भाषा कुठली वापरली देव जाणे.

तिसरा दिवस : झायन ते पेज

नदीकाठची वाट चालता चालता दुपार टळली. निघालो तेव्हा ऊन कड्यांच्या टोकांवर गेलं होतं. 1930 साली खोदून पूर्ण झालेला मैलभर लांबीचा बोगदा पार केला, कॅनबमध्ये जेवलो आणि 89 नंबरच्या रस्त्याला लागलो तेव्हा मिट्ट काळोख. पेज गाव अजून सत्तरेक मैल. मोबाइलला रेंज नाही. हरणं आडवी येतात म्हणून मी मर्यादेच्याही खालीच चालवत होते.

आरशात लाल-निळे दिवे उमटले.

पोटात गोळा येतो म्हणतात तो आला. इंडिकेटर दिला, खडीची रुंद जागा बघून थांबले, इंजिन बंद केलं, आतला दिवा लावला, चारही काचा खाली केल्या. बाहेर थंडी मी म्हणत होती. मागच्या गाडीचा झोत थेट आरशात, काही म्हणजे काही दिसेना. आणि शेजारून 'खट्ट' आवाज. अण्णांनी सीट बेल्ट सोडला होता.

"मी उतरून बोलतो त्याच्याशी. तू बाईमाणूस, रात्रीची वेळ."

"अण्णा, हात समोर. डॅशबोर्डवर. उतरायचं नाही."

एसटीचा ड्रायव्हर आणि बाप, दोघंही एकदम दुखावले असणार. पण तळवे पालथे करून त्यांनी डॅशबोर्डवर ठेवले.

मी माझ्या काचेकडे बघत होते आणि आवाज आला उजवीकडून, अण्णांच्या कानाशी. हे दादाने सांगितलंच नव्हतं! रस्त्यावरच्या गाड्यांपासून वाचायला पोलीस पुष्कळदा शेजारच्या सीटच्या बाजूने येतात. म्हणजे तीस वर्षांचा एक उंच पोरगा टॉर्च धरून उभा, आणि त्याच्या नि माझ्या मधोमध अण्णा. टॉर्च आधी अण्णांच्या हातांवर गेला, मग माझ्या, मग मागे निखिलच्या. निखिल झोपेतून उठून दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवून बसला होता. हात मोजून झाल्यावर त्या पोराचे खांदे जरा सैल झाले. ते मला स्पष्ट दिसलं.

"गुड इव्हिनिंग साहेब," अण्णा म्हणाले.

त्याने आधी कारण सांगितलं: मागचा डावा दिवा बंद आहे. मग लायसन्स आणि गाडीचे कागद मागितले. मी म्हटलं, लायसन्स माझ्या पर्समध्ये आहे, पर्स मागच्या सीटवर, गाडीचे कागद समोरच्या कप्प्यात. नवऱ्याला पर्स द्यायला सांगू का? तो म्हणाला, सावकाश. मग कप्पा. तो अण्णांच्या गुडघ्यांसमोर होता, म्हणून परत विचारलं. अण्णांनी कप्पा दोन बोटांनी उघडला, त्यात बॉम्ब असल्यासारखा.

आपलं स्मार्ट कार्ड त्याने उलटसुलट करून पाहिलं. परमिटचं पुस्तक चाळलं. कुठून आलात, कुठे निघालात, गाडी कुणाची, एवढंच विचारलं. मी विचारलं तेवढंच उत्तर दिलं. परदेशात घाबरलेला माणूस बडबडतो, स्पष्टीकरणं देत सुटतो. त्याची गरज नसते. तो कागद घेऊन त्याच्या गाडीत गेला आणि बराच वेळ आला नाही.

"आत बसून काय करतोय?" अण्णा ओठ न हलवता.

"कॉम्प्युटरवर नंबर तपासतोय. हात तिथेच ठेवा."

परत आला तेव्हा हातात एक कागद. दंड नाही, फक्त ताकीद. दिवा दुरुस्त करून घ्या. जाता जाता अण्णांना विचारलं, प्रवास कसा चाललाय? अण्णांनी छातीवर बोट ठेवलं, "बस ड्रायव्हर. गव्हर्न्मेंट." मी बाकीचं सांगितलं. तो हसला, हरणांना जपा म्हणाला आणि आम्ही नीट रस्त्याला लागेपर्यंत मागे दिवे लावून उभा राहिला.

पाच मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "पैसे नाही घेतले, पावती पण नाही. मग थांबवलं कशाला?"

*कामाची गोष्ट :* आमचा पोलीस भला होता, सगळेच तसे नसतील. "खाली उतरा" असं त्याने सांगितलं तर उतरायचं, वाद नाही. ड्रायव्हरला तसं सांगायचा अधिकार पोलिसांना तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1977 मध्येच दिलाय. "डिकी बघू का?" विचारलं तर शांतपणे "माझी संमती नाही" म्हणता येतं. तरीही त्याने बघितलीच तर हाताने अडवायचं नाही. चूक आपली आहे का नाही, हे कोर्टात सांगायचं, रस्त्यावर नाही. कॅलिफोर्नियात दंडाच्या तिकिटावर सही मागतात, ती गुन्ह्याची कबुली नसते, तारखेला हजर राहण्याचं वचन असतं. सही नाकारलीत तर अटक होऊ शकते. आणि दुर्दैवाने अटक झालीच, तर आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क परदेशी माणसाला 1963 च्या व्हिएन्ना कराराने दिलाय. दूतावासाचा नंबर मोबाइलमध्ये नको, कागदावर लिहून ठेवा.

चौथा दिवस : पेज ते मॉन्युमेंट व्हॅली

सकाळी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवलं आणि जवळचं केंद्र दोनशे मैलांवर आहे म्हणून सांगितलं. अण्णांनी फोन माझ्या हातातून काढून बंद केला. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, गाडीचं मॉडेल सांगून बल्ब घेतला, स्क्रू ड्रायव्हर उसना मागितला. दुकानातला माणूस बसवून द्यायला बाहेर आला होता, पण तोवर अण्णांनी बाह्या सरसावल्या होत्या. दिव्याचं आवरण काढलं, होल्डर फिरवला, जुना बल्ब कानाशी हलवून बघितला, नवा बसवला. "ब्रेक दाब. इंडिकेटर दे. हं." सगळ्या प्रवासात त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी, सगळे दिवे लावून. एसटीत हे रोजचंच होतं म्हणे. भाड्याची गाडी ताब्यात घेताना हे करा, दहा मिनिटं लागतात.

पेजच्या पूर्वेला नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकन जमातीचा स्वायत्त मुलूख, सुरू होतो. साधारण 70 हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश, पोलीस त्यांचे स्वतःचे. दारू इथे जवळ बाळगणंही बेकायदा आहे, तेव्हा डिकीत बाटली असेल तर आधीच विचार करा. घड्याळाचाही घोळ आहे. अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नवाहो पाळतात, म्हणून पेजहून निघाल्यावर एक तास आपोआप गेला.

कायेंटा गावात बर्गर खायला शिरलो तर आत दुसऱ्या महायुद्धातल्या नवाहो कोड टॉकर्सचं छोटंसं प्रदर्शन! स्वतःच्या नवाहो भाषेवर बेतलेली सांकेतिक बोली वापरून त्यांनी पॅसिफिकमध्ये अमेरिकन सैन्याचे निरोप पोचवले, जपान्यांना ती कधी फुटली नाही. फ्राइजचा वास आणि काचेच्या कपाटात युद्धातल्या वस्तू.

मॉन्युमेंट व्हॅलीत लाल सुळक्यांपुढे सगळे फोटो काढत होते आणि अण्णा रस्त्याकडेच्या एका टपरीवर बसले होते. दागिने विकणारी नवाहो आजी आणि ते, दोघंही मेंढ्यांवर बोलत होते. मध्ये मी दुभाषी. किती मेंढ्या, लोकर कधी कातरता, पाऊस झाला का. आटपाडीच्या धनगरवाड्यातल्यासारखेच प्रश्न. तिने आम्हाला मटणाचं पातळ कालवण आणि तळलेल्या ब्रेडचं ठिकाण सांगितलं. कालवणात मीठ आणि मका, तिखट अजिबात नाही. अण्णांनी खिशातून चटणीची पुडी काढली.

परतताना संध्याकाळी रस्त्यात घोडे उभे होते, मोकळे, कुंपण नाही. अंधारात इथे गाडी चालवू नका. पोलिसाआधी घोडा थांबवेल.

पाचवा दिवस : ग्रँड कॅन्यन

डेझर्ट व्ह्यूच्या बाजूने शिरलो. मेरी कोल्टरने बांधलेला 1932 सालचा दगडी टेहळणी मनोरा, त्याच्या खिडकीतून खाली कोलोराडो नदी, दोऱ्यासारखी. या दरीवर लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी भर घालत नाही. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं एवढं खरं. उद्यानातल्या रस्त्यांवर वेगमर्यादा कमी असते आणि रेंजरही पोलीसच असतो, त्याच्याकडेही पावतीपुस्तक असतं. एल्क या मोठ्या हरणाच्या फोटोसाठी भर रस्त्यात गाडी थांबवणारे दोन जण आमच्यासमोर बोलणी खात होते.

सहावा दिवस : कॅलिफोर्नियात परत

सेलिगमनला रूट 66 या जुन्या प्रसिद्ध हायवेवर चहा घेतला, म्हणजे कॉफी. नीडल्सला कोलोराडो नदी ओलांडली की कॅलिफोर्नियाचा कृषी तपासणी नाका. लाल-निळे दिवे नाहीत, रांगेत हळू जायचं, काच खाली करायची. गणवेशातल्या बाईंनी विचारलं, फळं, झाडं काही? मी "नाही" म्हणणार तोच अण्णांनी फ्लॅगस्टाफला घेतलेली लिंबं पिशवीतून काढून दाखवली. बाहेरची लिंबू-संत्री कॅलिफोर्नियाच्या बागांना रोग लावतील म्हणून ती तिथेच जमा झाली. बाईंनी आभार मानले. "खरं बोललं की काम लवकर होतं," अण्णा मला म्हणाले, आणि हात अजूनही डॅशबोर्डवर!

गाडी परत करताना एक लक्षात ठेवा. दंडाचं तिकीट मिळालं असेल तर "भारतात कोण येतंय मागायला" म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या व्हिसाच्या वेळी जुनी प्रकरणं विचारली जातात. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरता येतं. तिकिटावर कोर्टाचं नाव आणि मुदत असते. कॅमेऱ्याने पकडलेले दंड आणि टोल गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत येतात, वर तिचा सेवा आकार.

आम्हाला तसं काही नव्हतं. ताकीदीचा कागद आणि बल्बची पावती दाखवल्यावर काउंटरवरच्या मुलाने बल्बचे पैसे बिलातून वजा केले. बसवायची मजुरी का मागितली नाही, म्हणून अण्णा घरी पोचेपर्यंत माझ्यावर नाराज होते.